आधी जंतूचे नाव सांगा

(मालवण परिसरातील आरोग्य कार्यकर्ते आणि शिक्षक ह्यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयाचे शीर्षक पत्रिकेवर जरा भारदस्त छापले गेले आहे. साध्या शब्दांत सांगायचे तर प्रश्न असा, की एकदा बरे झालेले दुखणे पुन्हा का उलटते, नेहमीच्या गोळ्या त्यावर का चालेनाशा होतात, आणि अशा वेळी सिंधुदुर्गातल्या माणसाने कोणाकडे जावे? मी डॉक्टर नव्हे. रुग्णांच्या सोबतीने बांबोळीच्या आणि परळच्या वाऱ्या पुष्कळ वर्षे केलेला मी एक कार्यकर्ता आहे. तेव्हा औषधयोजना मी सांगणार नाही. ते काम ज्याचे त्याने करावे. परंतु ह्या वाऱ्यांत जे पाहिले, जाणत्यांना विचारून घेतले आणि वाचले, त्यावरून माझे एक मत बनले आहे. हटून बसलेल्या संसर्गाच्या रुग्णाला आपल्याकडे पहिली उणीव भासते ती मोठ्या डॉक्टरची नाही. त्याच्या अंगात कोणता जंतू शिरला आहे आणि तो कोणत्या औषधाला दाद देतो, हे दोन-तीन दिवसांत सांगणाऱ्या प्रयोगशाळेची उणीव त्याला आधी भासते.

"गोळये खाल्लंय, पण ताप काय जाणा नाय," हे वाक्य आपणांपैकी प्रत्येकाने ऐकलेले आहे. त्यावर आपला ठरलेला प्रश्न असतो, "कोणाचे औषध चालू आहे?" डॉक्टरचे नाव आपण विचारतो. जंतूचे नाव कोणी विचारीत नाही.

समजा, मासळी बाजारात बसणारी साठीच्या घरातली एक बाई आहे. तिला मधुमेह आहे. पहाटे लिलावाला उभी राहावयाची, मग दुपारपर्यंत पाटीपुढे बसावयाची. जवळपास धड स्वच्छतागृह नाही, म्हणून ती पाणीच पीत नाही. ह्याला अडाणीपणा म्हणणारे सुशिक्षित लोक मी पाहिले आहेत. तो अडाणीपणा नव्हे, नाइलाज आहे. तिला लघवीला जळजळ सुरू होते. औषधाच्या दुकानातून तीन गोळ्या आणल्या जातात. बरे वाटते. महिन्याने पुन्हा तेच. मग गावातले डॉक्टर पाच दिवसांच्या गोळ्या देतात. पुढच्या खेपेस इंजेक्शने. त्यापुढे कुडाळ किंवा सावंतवाडी, तेथे आणखी महाग औषध. पावसाळ्यात थंडी वाजून ताप भरतो, पाठीत कळा येतात, संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढलेला असतो. मग गाडी करून बांबोळी, किंवा रेल्वेने मुंबई आणि लालबागला भावाच्या खोलीवर मुक्काम. तिथला डॉक्टर पहिला प्रश्न करतो, "कल्चर केले होते का?" वर्षभरात पाच डॉक्टर आणि सात औषधे झाली, पण ते झालेले नसते. आणि आता ते करावे, तर कालच घेतलेल्या औषधामुळे बशीत काही उगवत नाही.

हे कल्चर, म्हणजे जंतुसंवर्धन, काय असते ते नीट समजून घेऊ, कारण सारा विषय त्याभोवती फिरतो. रुग्णाची लघवी, रक्त वा पू घेऊन एका बशीतल्या थरावर पसरतात आणि ती बशी ऊबदार पेटीत ठेवतात. अठरा ते चोवीस तासांत जंतूंचे ठिपके उगवतात. त्यांतला ठिपका उचलून त्याचे नाव ठरवितात. मग दुसऱ्या बशीवर त्याच जंतूचे पीक घेऊन त्यावर निरनिराळ्या औषधांत भिजविलेल्या कागदाच्या टिकल्या ठेवतात. ज्या टिकलीभोवती मोकळे रिंगण पडते ते औषध लागू. जिला जंतू येऊन भिडतो ते निरुपयोगी. ह्यात अवकाशयानाचे तंत्रज्ञान नाही. बशीतला तो थर ज्या अगरचा करतात, ते अगर तांबड्या समुद्री शेवाळापासून निघते. आपल्या आगरांशी, म्हणजे नारळी-पोफळीच्या वाड्यांशी, त्याचा संबंध नाही. शब्द मलायी आहे. जर्मनीत कॉखच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या वाल्टर हेसे ह्याच्या पत्नीने, फॅनी हेसेने, १८८१-८२च्या सुमारास आपल्या स्वयंपाकघरातल्या अनुभवावरून ही युक्ती सुचविली. तोपर्यंत वापरात असलेले जिलेटिन उन्हाळ्यात वितळून जाई. तशा शेवाळाच्या जाती आपल्या मालवणच्या खडकांवरही वाढतात. सव्वाशे वर्षांहून जुनी ही तपासणी किनाऱ्यावरच्या बाईला मात्र पाचव्या डॉक्टरपर्यंत मिळत नाही.

आता जंतू औषधाला का जुमानत नाहीत, हे पाहू. आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय हा लघवीच्या संसर्गाचा नेहमीचा जंतू. त्याच्या काही वाणांना औषधाचा रेणूच तोडून टाकणारे एक पाचकद्रव्य बनविता येते. ही विद्या ते केवळ आपल्या संततीला देऊन थांबत नाहीत, शेजारच्या वेगळ्या जातीच्या जंतूलाही देतात. आपण औषध घेतो तेव्हा दुबळे जंतू मरतात आणि ही विद्या असलेल्यांना मोकळे रान मिळते. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०१३ साली देशातील मोठ्या रुग्णालयांचे एक पाहणीजाळे उभे केले. सिप्रोफ्लॉक्सासिन हे औषध, जे आपल्याकडे दुकानदारही सहज काढून देतो, तपासलेल्या ई. कोलायपैकी निम्म्याहून अधिकांवर चालत नाही, असे त्याचे अहवाल सांगतात. मात्र येथे सावध राहिले पाहिजे. मोठ्या रुग्णालयात पोहोचणारा रुग्ण आधीच चार औषधे पचवून आलेला असतो. तिथला आकडा तळाशीलच्या वा आचऱ्याच्या पहिल्याच दुखण्याला जसाच्या तसा लावता येणार नाही. नायट्रोफ्युरँटोइनसारखे जुने, स्वस्त औषध मूत्राशयापुरत्या संसर्गात आजही पुष्कळदा गुणकारी ठरते. म्हणजे आपल्या भागाचे स्वतःचे आकडे नसतील तर डॉक्टर एकतर फार हलके औषध देईल किंवा फार भारी. दोन्हींची किंमत रुग्णच मोजतो.

ह्या प्रकरणाचा एक अध्याय मुंबईतच लिहिला गेला. कार्बापेनेम ह्या राखीव मानलेल्या औषधांनाही न जुमानणाऱ्या जंतूंचा अभ्यास हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी २०१०च्या आरंभी प्रसिद्ध केला. तशा २४ जंतूंपैकी २२ जणांत एनडीएम-१ हा जनुक सापडला होता. त्याच वर्षी ब्रिटनच्या 'लॅन्सेट'च्या संसर्गरोगविषयक मासिकात त्या विषयावर मोठा लेख आला आणि जनुकाच्या नावात नवी दिल्ली का, ह्यावरून आपल्याकडे गदारोळ उठला. पुढच्या वर्षी दिल्लीतल्या पाण्याचे नमुने तपासले गेले. साचलेल्या सांडपाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये आणि नळाच्या पाण्याच्या ५० पैकी २ मध्ये तो जनुक आढळला. राष्ट्राच्या अब्रूची चर्चा महिनोन् महिने चालली. गटारांची तेवढी चालली नाही. आपल्याला हे दूरचे वाटू नये. देवबाग म्हणजे खाडी आणि समुद्र ह्यांमधली वाळूची चिंचोळी पट्टी. तिथे पर्यटकांसाठी खोल्यांमागून खोल्या उठत आहेत. वाळूत शोषखड्डा आणि पिण्याची विहीर ह्यांत किती अंतर उरले आहे, हे ज्याने त्याने आपल्या परसात जाऊन मोजावे.

इथवर झाली ती जंतूंनी कमावलेल्या प्रतिरोधाची गोष्ट. आता एका अशा आजाराविषयी बोलतो, ज्याचा जंतू जन्मतःच पुष्कळ औषधांना दाद देत नाही. आपल्या भातशेतीच्या मुलखाने तो ओळखला पाहिजे, म्हणून थोडा अधिक वेळ घेतो. त्याचे नाव मेलिओइडोसिस. १९११ साली रंगूनच्या रुग्णालयात आल्फ्रेड व्हिटमोर आणि त्याचे भारतीय सहकारी सी. एस. कृष्णस्वामी ह्यांनी शवविच्छेदन करताना तो प्रथम ओळखला. पुढे पुष्कळ दिवस तो 'व्हिटमोरचा रोग' म्हणून चालला. कृष्णस्वामींचे नाव गळाले, ते का, हे ह्या सभेला समजावून सांगण्याची गरज नाही. हा जंतू चिखलात आणि साचलेल्या पाण्यात राहतो. पायांना चिखल्या झालेला, अनवाणी लावणी करणारा शेतकरी आणि त्यातही मधुमेही, हे त्याचे ठरलेले भक्ष्य. पावसाच्या दिवसांत तो जखमेतून, श्वासातून वा पाण्यातून शिरतो. कधी आठवड्याभरात ताप आणि न्यूमोनिया करतो. कधी यकृतात, प्लीहेत, सांध्यात पू करतो. कधी वर्षानुवर्षे दबा धरून बसतो. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या कैदेत पडलेल्या एका अमेरिकी सैनिकाला तब्बल ६२ वर्षांनी तो उलटल्याची नोंद आहे.

छातीच्या छायाचित्रात हा आजार हुबेहूब क्षयासारखा दिसू शकतो. मग थुंकीत क्षयाचा जंतू सापडला नाही तरी क्षयाच्या गोळ्या सुरू होतात, ताप हटत नाही, आणि 'औषधाला न जुमानणारा क्षय' असा शिक्का बसतो. पेनिसिलिन, अँपिसिलिन, जेंटामायसिन ही नेहमीची औषधे ह्या जंतूवर चालत नाहीत. त्याला सेफ्टाझिडिम किंवा मेरोपेनेम शिरेतून किमान दहा ते चौदा दिवस द्यावे लागते आणि त्यानंतर कोट्रायमोक्झाझोलच्या गोळ्या निदान तीन महिने. ही दुसरी पायरी गाळली, की आजार उलटतो. गंमत पाहा: जी पायरी रुग्णाला कायमचे बरे करते तीत वापरावयाचे औषध जुने आणि स्वस्त आहे. महाग पडते ते निदान चुकणे.

२०१६ साली संशोधकांनी केलेल्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे १ लाख ६५ हजार लोकांना हा आजार होतो आणि ८९ हजार दगावतात. त्यांत मोठा वाटा दक्षिण आशियाचा. मुंबईतील एका बालरुग्णाची १९९१ साली प्रसिद्ध झालेली नोंद ही भारतातील पहिल्या नोंदींपैकी मानली जाते. त्यानंतर उडुपी-मणिपालच्या किनारपट्टीवर त्याचे रुग्ण इतके सापडले, की मणिपालचे कस्तुरबा वैद्यकीय महाविद्यालय ह्या आजाराच्या अभ्यासाचे देशातील एक प्रमुख केंद्र झाले. तिथे जंतू अधिक आहेत म्हणून सापडले, की तिथे शोधणारा आहे म्हणून सापडले? उडुपीचा पाऊस, उडुपीचा जांभा आणि उडुपीचे भाताचे मळे कारवारला संपत नाहीत. आपल्याकडे हा आजार किती आहे, ह्याचा आकडा मी सांगणार नाही; पण शोधल्याशिवाय 'आपल्याकडे नाही' असे म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही. साधी प्रयोगशाळाही त्याचा संशय घेऊ शकते. जेंटामायसिन आणि कोलिस्टिन ह्या दोन टिकल्यांना न जुमानणारा आणि अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिक आम्लाच्या टिकलीला दाद देणारा जंतू दिसला, की तो 'किरकोळ' म्हणून फेकून न देता पुढच्या तपासणीला पाठवावा. तीन टिकल्यांचे काम आहे. फक्त त्या ठेवणारा माणूस हवा, आणि त्याला रुग्ण लावणीला गेला होता हे कोणीतरी सांगितलेले हवे.

हे सांगणे किती मोलाचे असते, त्याचे मच्छीमारांतले उदाहरण देतो. शिंगाळ्याचा काटा हाताला लागतो, जखम भरते, आणि दोन-चार आठवड्यांनी तिथे गाठ येते. मग हातावरून वर एका ओळीत गाठी चढत जातात. नेहमीची प्रतिजैविके घेऊन महिने जातात. ह्यामागे पुष्कळदा मायकोबॅक्टेरियम मॅरिनम हा, क्षयाच्या जंतूच्या कुळातला, पाण्यातला जंतू असतो. तो वाढतो तीस-बत्तीस अंश उष्णतेला. प्रयोगशाळेची पेटी असते सदतीस अंशांवर, माणसाच्या रक्ताच्या उष्णतेवर. तिथे तो सहसा उगवत नाही, आणि अहवाल येतो, 'जंतू आढळला नाही'. रुग्ण रापण ओढतो एवढे एक वाक्य चिठ्ठीवर लिहिलेले असते, तर तंत्रज्ञाने दुसरी बशी कमी उष्णतेला ठेवली असती. म्हणून मी आशाताईंना आणि शिक्षकांना विनवितो, की अशा रुग्णासोबत जाताना त्याचा धंदा चिठ्ठीवर लिहून घ्या.

आता 'मोठ्या डॉक्टर'कडे वळू. मालवणहून मुंबई सुमारे पाचशे किलोमीटर; बांबोळी शंभराहून थोडी अधिक. साहजिकच गोवा वैद्यकीय महाविद्यालय हे पिढ्यान् पिढ्या आपले रुग्णालय झाले. जानेवारी २०१८ पासून गोव्याबाहेरच्या रुग्णांकडून तिथे शुल्क घेण्यास सुरुवात झाली आणि त्याच वर्षी दोडामार्गात लोक आरोग्याच्या प्रश्नावर रस्त्यावर उतरले. गोव्यावर चिडण्यात मला अर्थ दिसत नाही. गोव्याच्या करदात्याने शेजारच्या राज्याचा भार किती दिवस वाहावा, हा प्रश्न रास्तच होता. जिल्हा १९८१ साली स्वतंत्र झाला, आणि स्वतःचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू व्हावयास २०२१-२२चे शैक्षणिक वर्ष उजाडावे लागले. रोष त्या चाळीस वर्षांवर असावा.

पण ते आता सुरू झाले आहे, आणि माझा मुद्दा तिथेच येतो. वैद्यकीय महाविद्यालय म्हटले की सूक्ष्मजीवशास्त्राचा विभाग नियमानेच येतो. तो विभाग केवळ विद्यार्थ्यांना स्लाइड दाखविण्यासाठी आणि ओरोसच्या खाटांवरील रुग्णांसाठी राहणार, की आठही तालुक्यांचा होणार? संसर्गरोगांचे खरेखुरे तज्ज्ञ देशातच मूठभर आहेत आणि बहुतेक मोठ्या शहरांत आहेत. मालवणला तसा तज्ज्ञ नेमा, अशी मागणी केली तर टाळ्या पडतील, तज्ज्ञ येणार नाही. तज्ज्ञाचा सल्ला दूरध्वनीवरून मिळू शकतो; केंद्र सरकारची ई-संजीवनी सेवा २०१९ पासून त्याचसाठी आहे. मात्र त्या तज्ज्ञापुढे कागद ठेवावा लागतो, आणि तो कागद लघवीच्या, पुवाच्या, रक्ताच्या नमुन्यातून निघतो. लघवीचा नमुना दोन तासांत प्रयोगशाळेत पोहोचावा लागतो, नाहीतर थंड ठेवावा लागतो. म्हणजे प्रश्न शेवटी एका शीतपेटीचा आणि एका गाडीचा आहे.

हे अशक्य आहे, असे कोणी सांगितले तर त्याला क्षयाच्या कार्यक्रमाकडे बोट दाखवा. थुंकीचे नमुने आजही खेड्यांतून यंत्रापर्यंत नेले जातात आणि दोन तासांत जंतू आहे का व तो रिफॅम्पिसिनला दाद देतो का, हे कळते. निदान झालेल्या प्रत्येक क्षयरोग्याची अशी तपासणी व्हावी हे २०१८ पासून देशभराचे धोरण आहे. अंमलात उणिवा असतील, पण हक्क मान्य झालेला आहे. मग मूत्रपिंडात पू झालेल्या बाईला तो हक्क का नसावा? केरळने २०१८ साली राज्याचा स्वतंत्र कृती आराखडा केला आणि कोणता जंतू कोणत्या औषधाला दाद देतो ह्याचा राज्याचा तक्ता ते प्रसिद्ध करतात. तसा सिंधुदुर्गाचा एक पानी तक्ता दर सहा महिन्यांनी प्रत्येक खाजगी आणि सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर लागला, तर आमचे गावचे डॉक्टर अंधारात तीर मारणार नाहीत. ते हौसेने मारीत नाहीत, हेही सांगितले पाहिजे.

औषधविक्रेत्यांविषयी एक शब्द. १ मार्च २०१४ पासून अनुसूची एच-१ लागू आहे. तिच्यातील प्रतिजैविके देताना डॉक्टरचे व रुग्णाचे नाव वहीत नोंदवून ती वही तीन वर्षे जपावी लागते. नियम चांगला आहे आणि तो पाळला जावा. मात्र जिथे संध्याकाळी सातनंतर डॉक्टर भेटत नाही, तिथे नुसती दुकानदाराची वही तपासून गोळ्या थांबवाल, तर तापाने फणफणलेल्या गरिबाला तुम्ही काय देणार आहात, ह्याचेही उत्तर तयार ठेवा.

रुग्णाने स्वतः काय करावे, असे मघाशी एका ताईंनी विचारले. प्रतिजैविकाचा पहिला डोस घेण्यापूर्वी नमुना द्यावा. मात्र थंडी वाजून ताप असेल तर नमुन्यासाठी औषध दिवसभर लांबवू नये. एक वही करावी; तीत औषधाचे नाव, किती दिवस घेतले, काय फरक पडला आणि प्रत्येक कल्चरचा अहवाल लावावा. पुन्हा पुन्हा संसर्ग होत असेल तर मुतखडा, वाढलेली प्रोस्टेट, मधुमेह, पाळी गेल्यानंतरचा कोरडेपणा ह्यांपैकी काही आहे का, ते तपासून घ्यावे. मूळ तिथे असेल तर कितीही भारी प्रतिजैविक पुरणार नाही. आणि उलट बाजूही ध्यानात ठेवा. वृद्ध आणि मधुमेही माणसांच्या लघवीत कोणताही त्रास नसताना जंतू सापडू शकतात. गरोदर स्त्रीसारखे अपवाद सोडले तर त्यांना औषधाची गरज नसते. तक्रार नसताना हौसेने कल्चर करून अहवालावर उपचार करणे, हाही प्रतिरोध वाढविण्याचाच मार्ग आहे.

ग्रामीण रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीपुढे ठेवण्यासाठी ठरावाचा मसुदा मी लिहून आणला आहे. त्यात चार गोष्टी मागितल्या आहेत: नमुन्यांसाठी एक शीतपेटी आणि निर्जंतुक डब्या, आठवड्यातून निदान तीन दिवस नमुने ओरोसला नेणारी गाडी, अहवाल डॉक्टरबरोबरच रुग्णाच्या हाती देण्याची पद्धत, आणि मासळी बाजारात बायकांसाठी पाण्यासह स्वच्छतागृह. चौथी मागणी नगरपालिकेकडे जावयास हवी, हे मला ठाऊक आहे; तरीही ती ह्याच कागदावर असावी, असा माझा आग्रह आहे. मसुदा आता फिरवीत आहे. दुरुस्त्या पेन्सिलीने लिहा, आणि गाडीचे वार कोणते असावेत ते बाजारात बसणाऱ्या बायकांना विचारूनच ठरवा.